कुब्लींच्या लीनासाठी स्थळ

आमच्या इमारतीत बिऱ्हाडं आठ आणि नियम चौतीस. त्यातले एकतीस तळमजल्यावरच्या बाल्त्स कुब्लींनी लिहिलेले आहेत. उरलेले तीन घरमालकाचे, पण त्यांवरही कुब्लींची लाल पेन्सिल फिरलेली आहे. कुब्ली आयुष्यभर आमच्या स्विस खोऱ्यातल्या, नदीकाठच्या कापड-छपाईच्या गिरणीत तपासनीस होते. छापलेल्या रुमालांचं ठाण समोरून सरकत जायचं आणि रंग रेघेबाहेर गेलेला दिसला की कुब्ली तिथे लाल खूण करायचे. पुढे गिरणी बंद पडली, रुमाल संपले, पेन्सिल मात्र शिल्लक राहिली. मग ती पूर्णवेळ आमच्यावर चालू लागली.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. एल्मर माझं आडनाव. अडतीस वर्षं चौथीच्या पोरांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे माझ्या चुका दुसऱ्या कुणी काढलेल्या मला खपत नाहीत. कुब्ली काढतात. एकदा धुण्याच्या खोलीतल्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली, ‘निळा मोजा हरवला आहे, सापडल्यास द्यावा.’ संध्याकाळी खाली लाल अक्षरांत प्रश्न : ‘डावा की उजवा?’ मी एकटी राहते आणि मला ते उत्तम मानवतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकीकत ऐकून लोक नाही नाही ते बोलतील.

तळघरातली ती धुण्याची खोली म्हणजे आमच्या इमारतीची राजधानी. यंत्र एक, बिऱ्हाडं आठ, त्यामुळे ज्याचा त्याचा वार ठरलेला. नवरा-बायको सोडून जातील, देव बदलेल, पण धुण्याचा वार कुणी बदलत नाही. कुब्लींचा वार गुरुवार. नियम एकोणीस असा : जोडप्याला पूर्ण दिवस, एकट्या माणसाला अर्धा. हाही कुब्लींनीच केलेला. मला अर्धा दिवस मिळतो तो त्यांच्याच कृपेने.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको आमाली गेली. मार्च महिना होता, डोंगरावरून उष्ण वारा सुटला होता आणि त्याने सगळ्यांची डोकी दुखत होती. आम्ही आठांपैकी सात बिऱ्हाडांनी मिळून एक कार्ड आणलं, त्यावर ओळीने सह्या केल्या आणि ते त्यांच्या पत्रपेटीत टाकलं. बेल कुणी वाजवली नाही. दुःखात माणसाला त्रास देऊ नये, अशी आमच्याकडे रीत आहे. ही रीत फार सोयीची आहे. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या लुर्देस पिंतोने बेल वाजवली. ती पोर्तुगालची, बावीस वर्षं इथे राहूनही तिला आमच्या रीतीभाती नीटशा जमलेल्या नाहीत. ती सुपाचं पातेलं घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. कुब्लींनी दार उघडलं, पातेल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, बारा ते दीड विश्रांतीची वेळ. बेल वाजवायची नसते. नियम सात.” लुर्देस पातेलं घेऊन परत वर गेली.

आणि पुढच्याच सोमवारी कुब्ली खाली धुण्याच्या खोलीत गेले, पट्टी ठेवून फळ्यावर गुरुवारचे दोन भाग केले आणि दुपारच्या भागातलं स्वतःचं नाव खोडलं. जोडपं राहिलं नव्हतं, म्हणून अर्धा दिवस. कुणी सांगितलं नव्हतं. ती दुपार तेव्हापासून रिकामीच आहे. घ्यायला कुणीच पुढे आलं नाही. आम्ही कठोर आहोत, पण इतके नाही.

आमालीच्या मागे कुब्लींना दोन गिनीपिग मिळाले, बाबेत आणि लीना. हे लाड आमालीचे. कुब्ली त्यांना ‘भाडं न देणारे भाडेकरू’ म्हणायचे. पण आमालीने दवाखान्यात जाण्यापूर्वी एक कागद लिहून फ्रीजवर चिकटवला होता : सकाळी सुकं गवत, दहाला काकडी, चारला बडीशेपेच्या भाजीचा गड्डा, पाणी रोज. लेखी सूचना म्हटल्यावर कुब्लींचा नाइलाज झाला. दहाला फ्रीज उघडला की त्या दोघी पिंजऱ्याच्या जाळीला पाय लावून शिट्ट्या मारायच्या, इतक्या मोठ्याने की मला वर ऐकू यायचं. “त्या काकडीला बोलावतात, मला नाही,” असं कुब्ली सांगायचे. पण दहाला पाच कमी असताना ते फ्रीजपाशी जाऊन उभे असायचे, हे मी बाहेरून जाताना त्यांच्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

यंदा एप्रिलमध्ये एका मंगळवारी बाबेत मेली. म्हातारपणानेच. आणि लीनाने शिट्टी बंद केली. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. काकडी तशीच पडून सुकायची.

आता आमच्या स्वित्झर्लंडात कायदा आहे की गिनीपिग एकटा ठेवायचा नाही. पोपटाचंही तसंच आहे. सोबतीने राहणारी जात आहे, एकटेपणाने झुरते, म्हणून सरकारने लिहूनच ठेवलंय. माणसाचं नाव मी त्या यादीत शोधलं, नव्हतं. आमालीच्या वेळी दिवस मोजायला कुणी बसलं नव्हतं, पण बाबेत गेल्यावर आमच्या इमारतीला एकदम आकडेमोड यायला लागली.

“चार दिवस झाले, कुब्ली,” पहिल्या मजल्यावरच्या लांडोल्टबाई जिन्यात म्हणाल्या. “मी काही बोलत नाही. पण लोक बोलतात.”

“लोक म्हणजे कोण?”

“मी नाव घेत नाही.”

“मग लोकांना सांगा, चार नव्हे, पाच झाले. मंगळवारही धरायचा.”

त्याच दिवशी कुब्लींनी जे केलं ते आमच्या खोऱ्याबाहेरचा माणूस कधी करणार नाही. त्यांनी पशुवैद्यकीय कचेरीला पत्र लिहिलं. स्वतःविरुद्ध. मला वाचून दाखवलं ते असं : ‘गेल्या मंगळवारपासून माझ्या घरी सोबतीने राहणाऱ्या जातीचा एक प्राणी एकटा ठेवला जात आहे. हे नियमबाह्य असल्याची मला जाणीव आहे. कृपया पुढील कार्यवाही कळवावी.’

“अहो कुब्ली, हे हात दाखवून अवलक्षण!” मी म्हटलं. “कोणाला कळलं असतं?”

“मला कळलं होतं,” ते म्हणाले, आणि पाकिटाला तिकीट चिकटवलं.

कचेरीतल्या माणसांनी ते पत्र बहुधा एकमेकांना दाखवलं असेल. पण लेखी आल्यावर त्यांनाही इलाज नव्हता. आठव्या दिवशी उत्तर आलं. तीस दिवसांत जोडीदार आणावा. त्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातून एकदा निरीक्षण करून अहवाल पाठवावा. जोडीदार न मिळाल्यास प्राण्याला योग्य समूहात हलवण्यात येईल.

कुब्लींनी पत्र दोनदा वाचलं. चूक एकही नव्हती, त्यामुळे पेन्सिल हातात तशीच राहिली. “हलवण्यात येईल,” ते म्हणाले. “म्हणजे नेतील तिला.”

“मग आणा की एक पिल्लू दुकानातून.”

“हिशेब बघा, एल्मरबाई. लीना पाच वर्षांची. पिल्लू आणलं, दोन वर्षांत लीना गेली. मग पिल्लू एकटं. त्याला सोबत आणली, ते गेलं, सोबत एकटी. हे संपत नाही. मी चौऱ्याहत्तरचा. शेवटी मधेच मी जाणार, आणि ही नोटीस कुणाच्या नावाने येणार?”

मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ते पुढे म्हणाले, “तिला नेलं तर दहा वाजता फ्रीज उघडून करायचं काय?” इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी घाईने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

वरच्या गावात, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, मार्टीबाई राहतात. विधवा आणि विधुर गिनीपिगांना सोबत उसनी देण्याचं काम त्या करतात. म्हातारा जोडीदार न्यायचा; तुमचा गेला की त्यांचा परत, म्हणजे साखळी तुटली. गाडी माझी म्हणून मी कुब्लींना घेऊन गेले. कुब्लींनी रविवारचा कोट घातला होता. गळ्यात गिरणीचा छापील रुमाल होता, त्याच्या कोपऱ्यात लाल खूण. नाकारलेला माल.

मार्टीबाई गमबूट घालून अंगणात उभ्या होत्या. त्यांनी आधी अर्ज काढला. मुलीकडच्यांनी मुलाची चौकशी करावी तशी सुरुवात झाली, फक्त इथे मुलीकडचे आम्ही आणि चौकशीही आमचीच.

“घरात कोण कोण असतं?”

“मी असतो.”

“आणखी?”

“लीना.”

मार्टीबाईंनी लिहिलं, एक. “दिवसातून किती वेळ बोलता?”

“कुणाशी?”

“लीनाशी हो.”

“फ्रीज उघडताना. आणि बंद करताना.”

“आणि इतर कुणाशी?”

कुब्लींनी मान लांब करून कागद पाहिला. “हा प्रश्न अर्जात आहे?”

“नाही. मी आपलं विचारलं.”

“मग उत्तर देत नाही.”

मार्टीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं.

मग मुलगा दाखवण्यात आला. ऑस्कर. पांढरा-तपकिरी, एक कान कुरतडलेला, चालताना मागचा भाग डुलवणारा. “चार वर्षांचा आहे. दोनदा विधुर,” मार्टीबाई म्हणाल्या. “दोन्ही बायका समाधानाने गेल्या. खाण्यापिण्याची तक्रार नाही. खच्ची केलेला आहे.”

“खच्ची? मग त्याचा उपयोग काय?” कुब्लींनी विचारलं.

“सोबत,” मार्टीबाई म्हणाल्या.

कुब्लींनी खिशातून वही काढली आणि तो शब्द लिहून घेतला. त्याखाली रेघ ओढली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण मार्टीबाई म्हणाल्या की पहिली भेट तिऱ्हाईत जागी व्हायला हवी. जिथे दोघांपैकी कुणाचाच वास नाही अशी मोठी जागा पाहिजे. लीनाच्या पिंजऱ्यात ऑस्करला सोडला तर ती घुसखोर म्हणून त्याचा दुसरा कानही खाईल. “माझ्याकडे नको, इथे वीस जणांचा वास. तुमच्याकडे अशी खोली आहे का, रोज धुतली जाणारी?”

कुब्लींचा चेहरा उजळला. नियम बारा : धुण्याची खोली रोज संध्याकाळी साबणाने पुसून कोरडी करावी. साऱ्या खोऱ्यात इतकी बिनवासाची जागा सापडायची नाही. मग चेहरा पडला. नियम चौदा : धुण्याच्या खोलीत प्राणी आणू नये.

“तो नियम कुणी केला?” मार्टीबाईंनी विचारलं.

“मी.”

“मग मोडा!”

कुब्लींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच शरमले. “नियम मोडत नाहीत, बाई. बदलतात. सभा बोलवावी लागते. दहा दिवसांची सूचना देऊन.”

इथेच घोडं पेंड खात होतं. तीस दिवसांतले चौदा गेले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे लीना वाळत चालली होती. कुब्ली तिला रोज सकाळी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवायचे आणि आकडा आमालीच्या कागदाखाली लिहायचे. नऊशे दहा ग्रॅम. आठशे ऐंशी. आठशे पन्नास. मार्टीबाईंनी गवताची पूड आणि बिनसुईची पिचकारी दिली होती. दिवसातून सहा वेळा कुब्ली तिला मांडीवर घेऊन थेंब थेंब भरवायचे. ज्या माणसाने बायकोच्या शेवटच्या दिवसांत नर्सला “भेटीची वेळ संपली, मी निघतो” असं स्वतःहून सांगितलं होतं, तो आता विश्रांतीच्या वेळेतही त्या जनावराशी मोठ्याने बोलत होता. “खा ग बाई, एवढं खा. सभा सोमवारी आहे.”

“आत्ताच न्या ना तिला खाली,” मी चिडून म्हटलं. “कुणी बघायला बसलंय? सभेपर्यंत ती राहिली नाही तर ठराव काय पिंजऱ्यात ठेवणार?”

ते पिचकारी भरत राहिले. “एल्मरबाई, एकदा मी नियम माझ्यासाठी मोडला, तर मग तीस वर्षं सगळ्यांना जो त्रास दिला तो कशासाठी दिला?” त्रास दिला हे त्यांना ठाऊक आहे, हेच मला नवीन होतं.

सोमवारी सभा भरली. धुण्याच्या खोलीतच. आमचे लोक दर वर्षी गावच्या चौकात उभे राहून हात वर करून कायदे करतात, त्यामुळे यंत्राभोवती उभं राहून नियम चौदावर चर्चा करण्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. अध्यक्ष कुब्लीच. त्यांनी आधी यंत्राच्या डावीकडे उभं राहून नियमाच्या बाजूने पाच मिनिटं भाषण केलं, कारण नियम करणाऱ्याने तो राखला पाहिजे. मग उजवीकडे जाऊन नियमाविरुद्ध पाच मिनिटं केलं. खरं सांगायचं तर डावीकडचं भाषण सरस झालं.

“केस उडतील. धुण्याला चिकटतील,” लांडोल्टबाई म्हणाल्या. “आज गिनीपिग आणलात. उद्या कुणी बकरी आणेल.”

“बकरीला एवढा जिना उतरता येतो का?” कुणीतरी मागून विचारलं.

“बकरीलाच येतो!” लांडोल्टबाई कडाडल्या.

लुर्देस पिंतो मागून पुढे आली. ती म्हणाली, “जनावर एकटं आहे, जेवत नाहीये. यात सभा कसली घ्यायची? आमच्याकडे असं झालं तर आधी जेवायला घालतात, मग बोलतात.”

कुब्ली फळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. ते पातेलं फक्त त्या दोघांना आणि मला आठवत होतं.

शेवटी लांडोल्टबाईंनी दुरुस्ती सुचवली : परवानगी फक्त गुरुवारी दुपारी दोन ते पाच, आणि केसांवर लक्ष ठेवायला प्रत्येक बिऱ्हाडातून निदान एक माणूस निरीक्षक म्हणून हजर राहिला पाहिजे. त्यांचा हेतू खोडा घालण्याचा होता. त्यांना वाटलं, तीन तास उंदीर बघत कोण बसणार? पण आमच्या लोकांना ‘निरीक्षक’ म्हटलं की ते आजारपणातूनही उठतात. सहा हात वर गेले. लांडोल्टबाई तटस्थ राहिल्या. हितसंबंध असल्यामुळे कुब्लींनी मत दिलं नाही.

गुरुवारी मार्टीबाई ऑस्करला टोपलीतून सोडून गेल्या आणि बजावून गेल्या : रक्त आलं तरच सोडवा, नाहीतर हात लावू नका. धुण्याच्या टोपल्या पालथ्या घालून आम्ही रिंगण करून बसलो. मध्ये गवत आणि दोन दारांचे खोके. ऑस्कर डुलत डुलत लीनाभोवती फिरला आणि घशातून घुरघुरला. लीनाने दात कडकडवले. मग तिने अशी काही झेप घेतली की इतके आठवडे नीट न जेवलेलं जनावर हेच का, असा प्रश्न पडावा. ऑस्करच्या पाठीवरचे केस उडाले. केस उडाल्याची नोंद लांडोल्टबाईंनी लगेच घेतली.

कुब्ली हातात टॉवेल धरून उभे होते आणि पांढरेफटक पडले होते. “रक्त आलं का? कुणाला दिसतंय का रक्त?” ते विचारत राहिले. लुर्देसने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना टोपलीवर बसवलं. तिने ते कोपर बराच वेळ सोडलं नाही आणि त्यांनीही त्याबद्दल कुठलाही नियम सांगितला नाही.

तासभर हा तमाशा चालला. मग ऑस्कर कंटाळला आणि बडीशेपेचा गड्डा कुरतडायला लागला. त्याचा कुरुम कुरुम आवाज त्या खोलीत घुमला. लीना खोक्यातून डोकं काढून बघत राहिली. हळूच आली, आणि दुसऱ्या बाजूने तिने तोच गड्डा कुरतडायला सुरुवात केली. आम्ही आठ प्रौढ माणसं श्वास रोखून एका भाजीकडे बघत होतो. इतक्यात लुर्देसने नासपतीचा पाव काढायला कागदी पिशवी उघडली. पिशवी करकरली आणि लीनाने शिट्टी मारली.

कुब्लींनी चष्मा काढून पुसला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

ते अवघडलेपण मोडावं म्हणून असेल, लांडोल्टबाई एकदम म्हणाल्या, “आमाली दर गुरुवारी दुपारी इथे गायची. नियम दहा मोडून. मला वर ऐकू यायचं.”

“मला माहीत नव्हतं,” कुब्ली म्हणाले.

“तुम्ही गिरणीत असायचात.”

“काय गायची?”

लांडोल्टबाईंनी, ज्यांनी नियम दहाखाली माझ्या रेडिओची दोनदा तक्रार केली होती, ते गाणं गुणगुणून दाखवलं. बाईंचा सूर बेसूर होता, पण कुब्लींनी दुरुस्ती केली नाही.

पुढचे सहा गुरुवार असेच गेले. ऑस्कर आणि लीनाचं तर दुसऱ्याच दिवशी जमलं होतं, पण अहवालात निरीक्षणाची जागा म्हणून कुब्लींनी धुण्याची खोली लिहिली होती, त्यामुळे दर गुरुवारी वरातीसारखं त्या दोघांना खाली आणावं लागे. कुणी कॉफी आणायचं, कुणी चीज. लुर्देसने सूप आणलं. कुब्ली दोन वाट्या प्यायले आणि तिला म्हणाले, “त्या दिवशीचं वाया गेलं असेल.”

“वाया कसलं? आम्हीच खाल्लं. तुम्ही नसतं खाल्लं, मीठ जास्त झालं होतं.”

सहाव्या अहवालावर कचेरीचा शिक्का आला : प्रकरण बंद.

सातव्या गुरुवारी तीन वाजता मी कपड्यांचे चिमटे राहिले म्हणून खाली गेले. चिमटे राहिलेले नव्हते, पण ते असू द्या. खोलीत सात टोपल्या रिंगणात पालथ्या मांडलेल्या होत्या आणि आठवीवर कुब्ली बसले होते. समोर कॉफीची किटली. गिनीपिग वर घरात, आपल्या संसारात. मला बघून ते गडबडीने उठले.

“निरीक्षण संपलं, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “सवयीने मांडल्या.”

“हो का,” मी म्हटलं, आणि वर आले.

‘हो का!’ अडतीस वर्षं शिकवलेल्या बाईला एवढंच सुचलं. मला स्वतःची लाज वाटली. खाली बसायला काय झालं होतं मला? पण तारीख उलटलेली, कारण उरलेलं नाही, आणि कारणाशिवाय दुसऱ्याच्या टोपलीवर बसायचं तर आमच्याकडे ते जवळजवळ प्रेमात पडल्यासारखं दिसतं. संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. या माणसाला तोंडी काही सांगण्यात अर्थ नव्हता. लेखी दिलं तरच तो ऐकणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर कागद लावला, माझ्या सगळ्यात सुवाच्य अक्षरात :

‘नोटीस. या इमारतीच्या तळमजल्यावर सोबतीने राहणाऱ्या जातीचा एक प्राणी, वय चौऱ्याहत्तर, तीन वर्षांपासून एकटा ठेवण्यात आल्याचे आढळले आहे. हे नियमबाह्य आहे. सुधारणेची मुदत तीस दिवस. पुढील आदेश होईपर्यंत दर गुरुवारी दोन ते पाच याच जागी निरीक्षण होईल. सर्व निरीक्षकांनी हजर राहावे. एल्मर, दुसरा मजला.’

मग दिवसभर मी खाली उतरले नाही. शनिवारी सकाळी माझा धुण्याचा अर्धा दिवस होता, म्हणून जावंच लागलं. कागदाखाली लांडोल्टबाईंची सही होती, पिंतोंची होती, आणखी चौघांची होती. आणि मजकुरावर लाल पेन्सिल फिरली होती. ‘तळमजल्यावर’च्या पुढे बारीक अक्षरात घातलं होतं ‘व दुसऱ्या मजल्यावर’. ‘एक’ खोडून वर ‘दोन’. आणि ‘चौऱ्याहत्तर’च्या पुढे ‘व एकोणसत्तर’.

मी ते सगळं तीन वेळा वाचलं. यंत्र रिकामंच फिरत होतं, कपडे टाकायचे राहून गेले होते. मग वर जाऊन पेन आणलं. एकोणसत्तर चूक होतं, ऑगस्टपर्यंत मला अडुसष्टच आहेत. तेवढं खोडून बरोबर केलं, आणि बाकीची दुरुस्ती तशीच राहू दिली.